गुरुवारची मशीन, शनिवारचा बाजार

घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की आत एक पितळी प्लेट दिसते. चाकं, माणकं, बॅलन्स व्हील, सगळा संसार तिच्यावर मांडलेला असतो. चांगल्या घड्याळात ही प्लेट कोरी ठेवत नाहीत. माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली बारीक वर्तुळं तिच्यावर उठवतात, त्याला पर्लाज म्हणतात. वरच्या ब्रिजवर समांतर पट्टे ओढलेले असतात, ते जिनिव्हाचे पट्टे. ब्रिजच्या कडा पंचेचाळीस अंशात मारून चकाकवलेल्या असतात. पुढे डायलवर केंद्रातून फुलत गेलेली, अतिशय बारीक कोरीव रेघांची जाळी असते, ती गिलोशे. डायल निदान रोज नजरेला पडते. मागे काच नसेल तर बाकीचं काम घड्याळ घालणाऱ्याला जन्मात एकदाही दिसत नाही. दिसतं ते फक्त दुरुस्ती करणाऱ्याला.

मी हे काम काष्टीत करतो. दौंड रस्त्याला लागून एक खोली आहे, तिच्यात संगणकावर चालणारी एक छोटी मशीन आहे. दिवसा गाड्यांच्या सुट्या भागांचे जॉब निघतात, त्यावर घर चालतं. पहाटे आणि रात्री डायल आणि प्लेटा. मशीनचं कर्ज बँकेनं दिलं, ते हप्त्यानं फिटतंय. ज्या माणसांमुळे मी या मशीनपुढे उभा आहे त्यांनी हप्ता ठरवून दिला नाही. म्हणून त्यांच्याबद्दल लिहून ठेवतोय.

काष्टीहून भीमा ओलांडली की दौंड. दौंड म्हणजे रेल्वेचं गाव. गार्ड, ड्रायव्हर, टीसी, पॉइंट्समन, सगळ्यांची पोटं वेळेवर चाललेली. त्यामुळे एकेकाळी तिथल्या घड्याळवाल्याला मान होता. स्टेशनच्या रस्त्यावर एका काकांचं काचेच्या टेबलाएवढं दुकान होतं. आयटीआयला टर्नर ट्रेडला असताना वडिलांचं एचएमटी जनता घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बेंगळुरूत घड्याळं बनवायला घेतली, आणि पुढची दोन-तीन दशकं आमच्या भागात लग्नात जावयाला घड्याळ म्हणजे एचएमटीच. वडिलांचंही तसंच आलेलं. किल्ली भरूनही ते थांबत होतं.

काकांनी झाकण काढलं आणि मी टेबलावर इतका वाकलो की त्यांचा उजेड अडला. दुसऱ्या कुणी हाकललं असतं. त्यांनी डोळ्याची आयग्लास काढली, माझ्या डोळ्याला लावली आणि म्हणाले, "दुसरा डोळा मिटू नको. उघडाच ठेव. मिटलास तर पाच मिनिटांत डोकं धरेल." मग वडिलांचं घड्याळ बाजूला सारून त्यांनी ड्रॉवरमधून एक जुनं स्विस पॉकेट वॉच काढलं. कुणा रेल्वेवाल्याचं, न्यायला परत न आलेलं. त्याचं मागचं झाकण उघडून माझ्या हातात दिलं. "बघू नको नुसतं. हलव."

मी हलवलं. ब्रिजवरचे पट्टे एकामागून एक उजळले आणि विझले. उजेड एका कडेनं शिरून दुसऱ्या कडेनं बाहेर पडला. धातू सपाट होता, हे बोटाला कळत होतं, पण डोळ्याला ते पटत नव्हतं. हे कसं करतात, असं विचारल्यावर काकांनी सांगितलं ते मला आजही पुरतं. पट्ट्यांत रंग नाही, खोलीही जवळजवळ नाही. ओरखड्यांची दिशा तेवढी बदललेली असते. एका दिशेचे ओरखडे एका कोनातून उजेड परत करतात, दुसऱ्या दिशेचे दुसऱ्या कोनातून. फिरती अपघर्षक चकती किंचित कलती धरून सरळ ओढायची, मग पट्टाभर सरकवून पुन्हा ओढायची. पर्लाजलाही तेच. लाकडाची किंवा रबराची खुंटी फिरवत प्लेटवर टेकवायची, उचलायची, अर्ध्या व्यासानं सरकवायची, पुन्हा टेकवायची.

या खवल्यांत धूळ अडकते आणि चाकांपर्यंत जात नाही, असं जुने कारागीर सांगायचे. काकाही सांगायचे. मला ते थोडंच पटतं. मला वाटतं, ज्यानं ती प्लेट केली त्याला ती कोरी सोडवली नाही, आणि पुढच्या दुरुस्ती करणाऱ्यानं ती उघडल्यावर हे काम चांगल्या माणसाच्या हातून गेलंय एवढं त्याला कळावं, इतकाच हेतू पुरेसा आहे. त्या दिवशी मला तो निरोप मिळाला.

वडिलांच्या घड्याळाचे त्यांनी पैसे घेतले. माझ्या शिकवणीचे कधीच घेतले नाहीत. उलट पुढे एकदा बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला. त्यात मेलेल्या घड्याळांच्या प्लेटा, ब्रिज, तुटक्या डायली. "सोन्यावर हात साफ करता येत नाही. यांच्यावर कर." डबा अजून माझ्या कपाटात आहे आणि प्लेटा संपत आल्यात.

आयटीआय झाल्यावर भोसरी. आमच्याकडची निम्मी पोरं भोसरी, चाकण, रांजणगावलाच जातात. मी एका छोट्या वर्कशॉपमध्ये व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर, ऑपरेटर लागलो. जॉब लावायचा, झिरो घ्यायचा, सायकल स्टार्ट, जॉब काढायचा. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे की हात कामाला असतात आणि डोकं मोकळं असतं. मोकळ्या डोक्यात ते पट्टे यायचे. पुण्याच्या औद्योगिक भागात गुरुवारी सुट्टी असते. मी शेठना विचारलं, गुरुवारी मशीन चालवू का, वीजबिल देतो.

व्हीएमसीच्या तासाला पैसे मोजले जातात. शेठनी बिल घेतलं नाही. फक्त काय करणार ते विचारलं. मी स्पिंडल बंद ठेवून, त्यात टोकदार हत्यार धरून पितळेवर रेघा ओढणार, असं सांगितलं. ते गंभीर झाले. "फिरत नसलेल्या स्पिंडलवर दाब द्यायचा नाही. बेअरिंगच्या गोळ्या एकाच जागी दाबल्या जातात, खाच पडते, आणि मग मशीन जन्मभर कुरकुरते." नाही म्हणून विषय संपवता आला असता. त्यांनी हेडच्या बाजूला बोल्टनं बसेल असा पोलादी होल्डर स्वतः उभं राहून बनवून घेतला. स्पिंडल मोकळा राहिला आणि माझं हत्यार त्याच्या शेजारी, हेडबरोबर वर-खाली होणारं. नफ्याच्या गणितात हे कुठेच बसत नाही. छोट्या वर्कशॉपच्या मालकांबद्दल लोक काहीही बोलोत, मला भेटलेला असा होता.

स्पिंडल बंद ठेवण्याचा आग्रह का, हे सांगायला हवं, कारण या कामाचं मर्म तिथे आहे. टोकदार कटर फिरवत पितळेवरून नेला की रेघ पडते, पण तिला तेज नसतं. फिरणाऱ्या कटरच्या अगदी टोकाचा वेग शून्य असतो. तिथे तो कापत नाही, घासतो. तळाशी धातू रगडला जातो, काठाला धातूची खडबडीत कड (बर) उभी राहते आणि प्रत्येक फेऱ्याची पुसट खूण उरते. जुनी गिलोशेची मशीन असं करतच नव्हती. तिच्यात हत्यार स्थिर, जॉब फिरता. स्पिंडलवर नागमोडी कडेची तबकडी बसवलेली, स्प्रिंगच्या जोरावर ती एका टेकूला घासत राहते आणि त्या वळणांनुसार सगळा स्पिंडल जॉबसकट डुलतो. कारागीर एका हातानं दांडा फिरवतो, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं हत्यार दाबून धरतो. धातूची कातर निघते आणि मागे राहतो तो आरसा. अब्राहम-लुई ब्रेगे यानं १७८६ च्या सुमारास अशा डायली घड्याळांत आणल्या. शोभा तर होतीच, पण कोरीव जाळीमुळे डायलची चमक मोडते, मिनिटांचा पट्टा, सेकंदाचं वर्तुळ वेगळं दिसतं आणि काटे पटकन वाचता येतात. ती यंत्रं गेल्या शतकाच्या मध्यापासून जवळजवळ कुणी बनवत नाही. जी आहेत ती दुरुस्त करत वापरतात.

आमच्याकडे ते यंत्र कुठून येणार? पण व्हीएमसीला रोटरी टेबल लावलं तर जॉब फिरतो, एक्स अक्ष हवा तसा मागेपुढे होतो आणि हत्यार स्थिर राहतं. नागमोडी तबकडीच्या जागी गणित येतं. त्रिज्येत कोसाइनची लाट मिळवायची, फेरीत किती लाटा ते ठरवायचं, आणि प्रत्येक पुढच्या वर्तुळात लाट थोडी सरकवायची. सरकवलं नाही तर किरणं दिसतात, अर्धी लाट सरकवली तर जवाच्या दाण्यांची रांग, थोडी थोडी सरकवली तर भोवरा. एकाच प्रोग्रॅममध्ये एक आकडा बदलला की वेगळी डायल.

गणित मशीन करते, बाकीचं आपल्याला करावं लागतं. रोटरी टेबल न वापरता एक्स-वाय अक्षांवर वर्तुळ काढलं तर चार ठिकाणी पुसट खूण उमटते, कारण तिथे एक अक्ष थांबून उलटा फिरतो आणि स्क्रूमधली ढिलाई तेवढ्या जागी बोलते. त्या चार जागा म्हणजे डायलवरचे बरोबर बारा, तीन, सहा आणि नऊ. कुणाचीही नजर पहिली जाते तिथेच. खोलीचं तर विचारूच नका. हत्याराचा कोन १२० अंशांचा असेल आणि खोली ०.०१ मिमीने चुकली तर रेघेची रुंदी जवळजवळ ०.०३५ मिमीने बदलते, आणि अर्ध्या डायलवर उजेड वेगळा पडतो. म्हणून आधी जॉबचा पृष्ठभाग डायल गेजनं तपासायचा, फिक्श्चरसकट एका सेटिंगमध्ये सपाट करायचा. शेवटचा कट पाच मायक्रॉनचा. शिवाय आमचा उन्हाळा. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. फूटभर खांब दहा अंशांनी तापला की ३६ मायक्रॉन गेलेच. काष्टीत एप्रिल-मेमध्ये बारीक काम पहाटेच करावं लागतं ते यासाठी.

आणि धार. धार हे देणं नानांचं.

काष्टीचा जनावरांचा बाजार शनिवारचा. तो राज्यभर ठाऊक आहे, त्याचं वर्णन मी करत बसत नाही. माझं लहानपण त्या बाजारात गेलं. नाना आमचे कुणी नव्हते. ते बाजाराच्या कडेला, लिंबाखाली, बैलांची शिंगं साळायला बसत. विकायला आणलेली खिलारी जोडी असली की मालक आधी नानांकडे आणायचा. साळलेल्या शिंगांनी भाव चढतो हे सगळ्यांना माहीत. बैल खुंटाला आखूड बांधायचा, मान एका बाजूला वळवून धरायची. कासरा धरायला पोरगं लागायचं, ते मी.

नाना आधी पात्यानं वरचं खडबडीत कातडं काढायचे. बुडापासून टोकाकडे, लांब हातानं. मधे थांबायचे नाहीत, कारण थांबलं की तिथे पायरी पडते. मग फुटक्या बाटलीची काच. काच ते तिथल्या तिथे फोडायचे, नवी धार घ्यायचे, अंगठ्यानं न चाचपता उजेडात धरून बघायचे. धारेवर उजेडाचा ठिपका दिसला तर काच फेकून दुसरी. "धार दिसती म्हंजे ती गेली, पोरा. खरी धार दिसत न्हाई." काच किंचित कलती धरून ओढली की शिंगाची पांढरी, केसासारखी कातर सुटायची आणि मागे काळं, ओलं वाटणारं शिंग उरायचं. पॉलिश पेपर त्यांना आवडत नसे. पेपरानं शिंग गुळगुळीत होतं पण मेल्यासारखं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी गोडेतेल आणि फडकं. हिंगुळाचा रंग, टोकाला शेंब्या हे मालकाच्या ऐपतीप्रमाणे.

त्यांचा हात कधी थांबतो ते मी बघायचो. शिंगाच्या वरचा थर निर्जीव, पण आत जीव असतो, रक्त असतं. जास्त साळलं तर बैलाला वेदना. नाना दर दोन हातांनी तळवा शिंगावर ठेवायचे. ऊब लागली की त्या जागेला पुन्हा पातं नाही, मालकानं कितीही म्हटलं तरी. "बैल बोलत न्हाई म्हनून आपुन बोलायचं."

भोसरीत पहिल्यांदा कार्बाइडचं हत्यार पाजळलं तेव्हा मी ते आपोआप उजेडात धरलं. धारेवर ठिपका होता. हत्याराच्या धारेत जी बारीक खाच असते ती कापलेल्या प्रत्येक रेघेत ओरखडा म्हणून उतरते, म्हणून धारच आधी आरसा करावी लागते. हिऱ्याच्या पेस्टवर, शेवटी अगदी बारीक दाण्यावर, पन्नासपट भिंगाखाली काहीही दिसेनासं होईपर्यंत. पुस्तकात हे सगळं दिलेलं आहे. पण किती वेळ करायचं, कधी थांबायचं, आणि एवढ्यावर भागेल असं वाटलं तरी का थांबायचं नाही, हे पुस्तकात नसतं. माझ्या हातात ते आधीच होतं, कासरा धरून उभं राहिल्यामुळे. जर्मन सिल्व्हर कापताना, तो चिवट धातू हत्याराला चिकटू लागला की मला अजून नानांचा कलता हात आठवतो आणि मी कोन बदलतो.

नाना आता नाहीत. त्यांच्या उतारवयात ट्रॅक्टरनं बैल हटवले, बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली बंदी आली, आणि बाजारात जोड्यांपेक्षा गाई जास्त दिसू लागल्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिल्यावर देखण्या खोंडांना पुन्हा मागणी आली, शिंगं साळणारेही दिसतात. ते ग्राइंडर वापरतात. लवकर होतं. ऊब बघायला तळवा ठेवणारा मला अजून दिसला नाही, आणि ते मला सलतं.

ग्राइंडरला नावं ठेवणारा तू, स्वतः संगणकाची मशीन कशी वापरतोस, असं विचारणारे आहेत. प्रश्न योग्य आहे. गिलोशे म्हणजे हातानं फिरवलेल्या यंत्रावरचंच, बाकी सगळी नक्कल, असं मानणारे जाणते लोक जगात आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. ठशानं दाबून काढलेली डायल भिंगाखाली बघा, कोपरे गोल असतात, उजेड त्यात अडखळतो. ती मीही गिलोशे मानत नाही. पण स्थिर, आरसा केलेल्या हत्यारानं धातू खरोखर कापला गेला असेल तर दांडा हातानं फिरला की मोटरनं, हा माझ्या लेखी दुय्यम प्रश्न आहे. खोटं तेव्हा होतं जेव्हा मशीनचं काम हाताचं म्हणून विकतात. माझ्या प्रत्येक डायलबरोबर मी लिहून देतो की ती संगणकाच्या मशीनवर कापली आहे. काही गिऱ्हाइकं त्यामुळे गेली. जाऊ देत.

पर्लाजला मात्र मशीन सहज वश झाली नाही. झेड अक्ष ताठ असतो. प्लेट कुठे दोन मायक्रॉन उंच असली की तिथे खुंटी जास्त दाबली जाते आणि वर्तुळ गडद पडतं. त्यासाठी खुंटीच्या मागे स्प्रिंग घातलेला तरंगता होल्डर केला. आत बॉलपेनची स्प्रिंग आहे आणि ती उत्तम चालते. दोन मिलिमीटरची खुंटी, एक मिलिमीटरचं सरकणं, टेकल्यावर क्षणभर थांबा, मग वर.

अलीकडे वडिलांच्या त्याच जनता घड्याळाची प्लेट काढून मी तिच्यावर पर्लाज केलं. कारखान्यातून ती साधीच आली होती. एचएमटीची घड्याळं बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, आता त्या घड्याळांकडे कुणी असं लक्ष देणार नाही, म्हणून. प्लेट घेऊन दौंडला काकांच्या घरी गेलो. दुकान त्यांनी मुलाकडे दिलंय, तिथे आता मोबाइलची कव्हरं जास्त आहेत. काकांचं वय झालंय, हात कापतो, पण आयग्लास उशाशीच असते.

त्यांनी ती लावली. दुसरा डोळा उघडा. प्लेट हलवली, पुन्हा हलवली. मला वाटलं काही चांगलं बोलतील.

"ही रांग बघ," ते म्हणाले. "सुरुवातीचे ठिपके भरलेत, शेवटचे फिके. इथं तुझी खुंटी दमली. पेस्ट संपली तरी मशीन चालत राहिलं."

खरं होतं. भिंगाशिवाय दिसत नव्हतं, पण होतं. मी म्हणालो, "काका, चाकांच्या खाली जाणार आहे ही बाजू."

"मग? उघडणारा उघडेलच की."

मी आता प्रोग्रॅममध्ये प्रत्येक रांगेनंतर थांबा घातलाय. मशीन बाजूला येते, मी खुंटीला नवी पेस्ट लावतो, बटण दाबतो, ती पुढची रांग घेते. त्यामुळे वेळ दुपटीहून जास्त लागतो. प्लेट शुक्रवारी रात्री होईल. शनिवारी बाजाराची गर्दी रस्त्यावर यायच्या आत, सकाळच्या पहिल्या गाडीनं ती घेऊन दौंडला जाणार आहे.